जिमखान्याचं वर्षाचं गणित: खानदेशातल्या छोट्या कॉलेजसाठी

हजाराच्या आतबाहेर विद्यार्थी, एक क्रीडा संचालक (तोही बऱ्याचदा तासिका तत्त्वावर), मागे काळ्या मातीचं मैदान आणि कपाटात हवा गेलेले दोन व्हॉलीबॉल. साक्री, नवापूर, पारोळा, यावल, तालुक्याच्या कॉलेजात थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसतं. इथला क्रीडा विभाग पैसा कमी आहे म्हणून अडतो, पण त्याहून जास्त अडतो तो पैसा उशिरा येतो म्हणून. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची धावपळ दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे असते आणि फीचा मोठा हिस्सा शिष्यवृत्तीच्या वाटेने वर्षाअखेरीस, कधी त्याच्याही पुढे हाती पडतो. चणे येतात तेव्हा दात नसतात. म्हणून अंदाजपत्रकात ‘किती’ या रकान्याशेजारी ‘कधी’ हा रकाना काढायचा. खाली जे आहे ते सगळं या दुसऱ्या रकान्याला धरून आहे.

आधी हातात काय येणार ते काढा

समजा कॉलेजात ९०० विद्यार्थी आहेत आणि जिमखाना फी १५० रुपये आहे. कागदावर १,३५,००० रुपये होतात. आता कार्यालयातून शिष्यवृत्ती आणि फीमाफीवाल्यांचा आकडा मागा. तो ५४० निघाला तर प्रवेशाच्या वेळी रोख भरणारे राहिले ३६०, म्हणजे ५४,००० रुपये. उरलेले ८१,००० महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, मार्गाने येणार. त्यातही दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, मंजूर शुल्करचनेत जिमखाना फी प्रतिपूर्तीला (सरकारने फी भरून देण्याला) पात्र शुल्कात धरली आहे का. धरली नसेल तर ते ८१,००० येणारच नाहीत. दुसरी, काही योजनांत फीचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि कॉलेजला तो त्याच्याकडून मागावा लागतो. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात ही वसुली पूर्ण होईल असं धरून चालू नका.

तेव्हा डिसेंबरपर्यंतचा खर्च ५४,००० अधिक मागची शिल्लक, एवढ्यातच बसवायचा. बसत नसेल तर जुलैमध्येच महाविद्यालय विकास समितीपुढे विषय ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे अंदाजपत्रक याच समितीकडून पुढे जातं आणि तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. ठराव साधा ठेवा: जिमखान्याला अमुक रकमेची तात्पुरती उचल, प्रतिपूर्ती जमा होताच परतफेड. स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहून मागितलेले पैसे आणि ठरावाने घेतलेली उचल यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारावर ऑडिटर काही बोलत नाही.

विद्यार्थ्याच्या पावतीवर विद्यापीठाचा क्रीडा निधी वेगळा दिसतो. तो कॉलेजचा नव्हे. जमा झाला की कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे वळता करा, जिमखान्याच्या खात्यात मुरवू नका. ज्युनिअरचंही तसंच. अकरावी-बारावीच्या मुलांच्या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडच्या शालेय स्पर्धांत मोडतात. त्यांचा खर्च सीनिअरच्या फीतून केला की दोन्हीकडचा हिशेब बिघडतो. चेंडू एकच वापरात असला तरी बिल कुणाच्या नावावर हे आधी ठरवा.

खेळ कमी घ्या

सगळ्या खेळांत संघ पाठवायचा हट्ट छोट्या कॉलेजला परवडत नाही. पाच-सहा खेळ घ्या आणि ते नीट चालवा. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा, क्रॉसकंट्री आणि बुद्धिबळ एवढे आपल्याकडच्या मातीला आणि खिशाला झेपतात. आश्रमशाळांतून आलेल्या मुलामुलींचं पळणं आणि खो-खो पहिल्या वर्षापासूनच तयार असतं. त्यांच्यावर नवा खेळ लादण्यात अर्थ नाही.

धनुर्विद्येचा मोह सातपुड्याच्या पायथ्याला साहजिक आहे. पण रिकर्व्हचा (ऑलिम्पिकमध्ये वापरतात त्या धनुष्याचा) एका खेळाडूचा संच लाखाच्या घरात जातो आणि बाण मोडतात ते वेगळेच. सुरुवात इंडियन राउंड या देशी प्रकारातल्या बांबूच्या धनुष्याने करा, ३० मीटरच्या अंतरावर. मागे मातीचा भक्कम बांध असल्याशिवाय तेही नको.

संघ निवडताना शेतीचं वेळापत्रक विसरलात तर पैसा वाया जातो. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू होते. दिवाळीनंतर नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात आणि सरावाला आलेली मुलं त्यांच्यासोबत जातात. १२ जणांच्या संघाला बाराच किट शिवून बसू नका. सरावाला १६ जण धरा, जर्सीवर नाव छापू नका, फक्त क्रमांक टाका. नाव छापलेली जर्सी पुढच्या वर्षी कुणी घालत नाही.

पात्रता अर्ज हाही पैशाचाच विषय आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि विद्यापीठाच्या नोंदणीतलं नाव यांत एका अक्षराचा फरक असला, गॅपचं वर्ष दाखवलं नाही, फोटोवर शिक्का अर्धाच बसला, की आक्षेप येतो. एका अपात्र खेळाडूमुळे संघ बाद झाला तर प्रवासाचा सगळा खर्च पाण्यात. हे अर्ज ऑगस्टमध्येच भरून, झेरॉक्ससह खेळाडूनिहाय फाइलला लावून ठेवा.

दौऱ्याचा खर्च

विद्यापीठाच्या स्पर्धा विभागवार होतात, तिथून आंतरविभागीय फेरी. कॉलेजच्या संघाचा या दोन्ही टप्प्यांवरचा प्रवास कॉलेजच्या माथी. विद्यापीठाच्या संघात निवड होऊन खेळाडू आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेला की मग भत्ता विद्यापीठाकडून. म्हणजे खेळाडू जितका चांगला, तितका पुढचा खर्च तुमच्यावरून उतरतो.

मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचा एक दिवसाचा दौरा मांडून पाहा. १२ खेळाडू आणि एक महिला संघव्यवस्थापक, १३ जणी. एका बाजूचं पूर्ण तिकीट १५० रुपये धरू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे ७५ × १३ × २ = १,९५० रुपये. मुलांच्या संघाला हाच प्रवास ३,९०० ला पडतो. जेवण-नाश्ता माणशी २०० धरला तर २,६०० रुपये. मुलींचा दौरा ४,५५० मध्ये उरकतो. ही सवलत तिकिटावर आहे. तीच एसटी प्रासंगिक करारावर (पूर्ण बस भाड्याने) घेतली तर हिशेब किलोमीटरवर जातो.

नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही गावं सुरत-भुसावळ मार्गावर असल्याने जळगावच्या स्पर्धांना रेल्वे स्वस्त पडते. मात्र धडगाव-अक्कलकुव्याहून सकाळी नऊच्या सामन्याला पोचायचं तर आदल्या दिवशीच निघावं लागतं. तेव्हा मुक्कामाचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा. स्पर्धेच्या गावच्या कॉलेजला पत्र देऊन दोन वर्गखोल्या मागितल्या तर सहसा मिळतात. सतरंज्या आपल्या न्या.

गाडी करायचीच वेळ आली तर क्रूझर. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी डिझेल टाकून नेणं. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने वापरली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळी पाटी, परमिट, विमा आणि चालकाचा परवाना, चारही कागदांचे फोटो निघण्याआधी फोनमध्ये घ्या आणि आसनक्षमतेपेक्षा एकही जास्त बसवू नका. भाड्याचं एकरकमी बिल ३०,००० च्या वर गेलं, किंवा त्याच गाडीवाल्याला वर्षात एकूण १ लाखाच्या वर दिले, तर टीडीएस (बिलातूनच कापायचा आयकर) कापावा लागतो. लेखापालाला हे मार्चमध्ये सांगण्यात काही अर्थ नसतो.

खाण्याच्या बाबतीत एकच सूचना: सामन्याआधी शेवभाजी-रस्सा नको. रावेर-यावलची केळी, उकडलेले चणे, अंडी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, एवढ्यावर दिवस निघतो आणि खर्चही निम्मा होतो. तर्रीचा कार्यक्रम जिंकल्यावर.

मैदान: मुरूम किती ब्रास लागेल

काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. कबड्डीच्या मैदानाला नुसती वरून माती टाकली तर दोन पावसांत ती खाली जाते आणि काळी वर येते. म्हणून वरचा थर खणून काढायचा.

पुरुषांचं कबड्डी मैदान १३ × १० मीटर. चारी बाजूंनी दोन-दोन मीटर मोकळी जागा धरली तर १७ × १४, म्हणजे २३८ चौरस मीटर. २० सेंटिमीटर खोदून मुरूम भरायचा तर ४७.६ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. तेव्हा जवळपास १७ ब्रास झाला. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून पाव हिस्सा वाढवून २१ ब्रास मागवा. ठेकेदार ‘पंधरात होऊन जाईल’ म्हणतो. होत नाही, मधे खळगा राहतो आणि पहिल्याच पावसात तिथे डबकं साचतं.

मुरूम एकदम ओतू नका. दहा सेंटिमीटरचा थर, संध्याकाळी पाणी, सकाळी माती बुटाला चिकटेनाशी झाली की रोलर, मग दुसरा थर. मधली बाजू कडेपेक्षा सात सेंटिमीटर उंच ठेवली की पाणी दोन्हीकडे उतरतं. वर चाळलेली पिवळी माती पाच सेंटिमीटर, ती मात्र पावसाळा सरल्यावर. मुरुमाचं काम एप्रिल-मेमध्ये उरकलं की पावसाळा उरलेलं बसवून देतो. त्या दिवसांत आपल्याकडे पारा ४५ पर्यंत चढतो, म्हणून मजुरांची वेळ सकाळी दहापर्यंतच ठेवा.

बिलासोबत गौण खनिजाच्या स्वामित्वधनाची पावती घ्या. ती नसेल तर पुढे तहसीलकडूनही विचारणा होऊ शकते आणि ऑडिटमध्येही.

फक्की मारायला कळीचा चुना वापरू नका. कबड्डीत खेळाडू जमिनीवर घासला जातो, त्या जखमेत आणि डोळ्यांत चुना गेला की भाजतं. खडूची पूड वापरा. थोडी महाग पडते, पडू द्या.

मॅटचं काय, हा प्रश्न येतोच. एक मीटरच्या चौकोनी मॅट घेतल्या तरी नुसत्या मैदानाला १३० लागतात, कडा धरून आणखी. आकडा लाखाच्या वर जातो. जिमखाना फीतून हे घेऊ नका, ते देणगीचं काम. तोवर मातीवर सराव करा आणि आंतरविभागीय फेरीच्या आधी चार-पाच दिवस जवळच्या ज्या संस्थेकडे मॅट आहे तिथे संघ न्या. मातीवरचा खेळाडू मॅटवर पहिल्या दिवशी घसरतो, त्याच्या पायाला तिची सवय व्हावी लागते.

साहित्य: घेताना मोजा आणि तोला

गोळा पुरुषांचा ७.२६ किलो, महिलांचा ४ किलो. थाळी २ किलो आणि १ किलो, भाला ८०० आणि ६०० ग्रॅम. दुकानदाराकडे शालेय वजनाचं साहित्य पडून असतं आणि तेच ‘चालतं सर’ म्हणत बांधून दिलं जातं. पार्सल फोडलं की गोळा अडत्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. ७.२६ ला पाच ग्रॅमही कमी भरला तरी स्पर्धेत चालत नाही. तो परत करा, आणि बिल वजन झाल्यावरच पास करा.

व्हॉलीबॉलची जाळी पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४. खांबावर दोन्ही उंचींना रंगाने खुणा करून ठेवा. जाळी मधे झोळ खाते ती वरच्या तारेमुळे. सुती दोरी ओलाव्याने ताणते-सैलावते, तिच्या जागी पोलादी तार आणि एका टोकाला टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) लावा. चेंडूत हवा ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दाबमापक नसेल तर चेंडू दगडासारखा फुगवला जातो आणि मुलींची मनगटं सुजतात. सुई ओली करून घाला, कोरडी सुई वाल्व्ह फाडते. पत्र्याच्या खोलीत साहित्य असेल तर एप्रिलमध्ये सगळ्या चेंडूंतली थोडी हवा काढून ठेवा, नाहीतर जूनमध्ये शिवण उसवलेली सापडेल.

खरेदीला तीन दरपत्रकं घ्या, तुलनात्मक तक्ता करा, समितीच्या सह्या घ्या. तीन दुकानांची दरपत्रकं एकाच छापाच्या अक्षरात आणि एकाच स्पेलिंगच्या चुकीसह आली की ऑडिटरला काही विचारावं लागत नाही. एकच खरेदी तुकडे पाडून चार बिलांत दाखवणं हाही ठरलेला आक्षेप आहे. बिल कॉलेजच्या नावे हवं, सरांच्या नावे नको. जाळी, गोळा, खांब डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत). चेंडू, शटल, फक्की, बँडेज उपभोग्य वस्तूंच्या वहीत. बिलाच्या मागे पान क्रमांक लिहिला की शोधाशोध वाचते.

ॲडव्हान्स आणि व्हाउचर

‘नाश्ता खर्च रु. १,३००’ एवढंच लिहिलेलं व्हाउचर लाल शाईच्या गोलात अडकतं. त्याच जागी असं लिहा: ‘दि. अमुक, आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉल (मुली), ठिकाण अमुक, १३ जणी × १०० रुपये, सहीची यादी सोबत, ठराव क्रमांक अमुक.’ बिल जोडता आलं तर उत्तम. रस्त्यावरच्या गाडीवाल्याने बिल दिलं नाही तर संघव्यवस्थापकाचं प्रमाणपत्र आणि खेळाडूंच्या सह्या. एसटीची तिकिटं महिन्याभरात पांढरी पडतात, म्हणून कोऱ्या कागदावर चिकटवून त्याच दिवशी झेरॉक्स काढा. हे एवढंसं काम न केल्याने अडलेली देयकं जितकी, तितकी दुसऱ्या कशाने अडत नाहीत.

दौऱ्याहून परत आल्यापासून सात दिवसांत ॲडव्हान्स समायोजित करा. पहिला मिटल्याशिवाय दुसरा मिळत नाही, आणि स्पर्धा तर पाठोपाठ येतात. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० च्या वर रोख देऊ नका. ५,००० च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट. दैनिक भत्ता खेळाडूच्या खात्यात यूपीआयने टाकला तर यादी आपोआप तयार होते. मात्र दूरच्या पाड्यांवरच्या ज्या मुलांचं खातं बंद पडलेलं असतं, त्यांच्यासाठी थोडी रोख सोबत ठेवावीच लागते.

बाहेरचा पैसा

कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची सातमध्ये ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, त्यामुळे सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, मागता येतो. ५०० कोटी नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा, यांपैकी एक निकष पार करणाऱ्या कंपनीलाच तो बंधनकारक आहे. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत अशा मोजक्याच. अर्ज संस्थेच्या नावे लागतो आणि संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि आयकराचे १२ए, ८०जी हे कागद तयार हवेत. मागताना ‘क्रीडा विकासासाठी सहकार्य’ असं मोघम लिहू नका. १३० मॅट, अमुक दर, कुठे बसवणार, कोण वापरणार, चावी कुणाकडे, एवढं एका पानात लिहा.

डाळ मिलवाला, जिनिंगवाला, ठिबकचा डीलर, माजी विद्यार्थी यांच्याकडून येणारी रक्कम लहान असते पण वेळेवर येते, आणि जिमखान्याला तेच हवं असतं. पावती संस्थेच्या पुस्तकातून द्या. २,००० च्या वर रोख दिलेल्या देणगीला ८०जीची वजावट मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासाच्या अनुदान योजना आहेत. पात्रता त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहा आणि जागेचा उतारा संस्थेच्या नावावर आहे ना, हे त्याआधी.

यजमानपद घ्यावं का? विद्यापीठ आयोजक कॉलेजला रक्कम देतं, पण ती मंडप, पंचांचं मानधन, पाण्याचे जार आणि चहात संपते. खर्च फुटतो तो शाल-श्रीफळ, बॅनर आणि पाहुण्यांच्या जेवणात. ज्या खेळाचं मैदान आधीच तयार आहे त्याचंच यजमानपद मागा. उद्घाटन वीस मिनिटांचं ठेवा. पहिला सामना वेळेवर सुरू झाला तर दुसऱ्या दिवसाचं मंडपभाडं वाचतं.

मार्च

क्रीडा विभागाबाहेरच्या दोन प्राध्यापकांकडून डेड स्टॉकची प्रत्यक्ष मोजणी करून घ्या. मोडकं साहित्य ठरावाने निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून काढा, नाहीतर दहा वर्षांपूर्वीची फाटकी जाळी कागदावर नवीच राहते आणि नवीन मागताना ‘आहे की’ असं उत्तर मिळतं. शिल्लक रक्कम पुढच्या वर्षी ओढायचा ठराव ३१ तारखेच्या आत करा. येणं असलेली प्रतिपूर्ती विद्यार्थीनिहाय यादीसह ‘येणे’ म्हणून दाखवा. खेळाडूंच्या प्रमाणपत्रांच्या प्रती स्कॅन करून ठेवा, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) पाचव्या निकषात विद्यापीठ पातळीपासून वरची पदकं विचारली जातात. पदक मुलाच्या घरी आणि पुरावा कुठेच नाही, असं होऊन बसतं.

क्रीडा शिक्षक तासिका तत्त्वावर असतील तर त्यांची मुदत संपण्याआधी एका पानाची हस्तांतर यादी करा: खोलीच्या आणि कपाटाच्या चाव्या, डेड स्टॉकचं शेवटचं पान, न मिटलेले ॲडव्हान्स, विद्यापीठाकडे अडकलेली देयकं, बाहेर दिलेलं साहित्य आणि कुणाकडे आहे ते. देणारा, घेणारा आणि कार्यालयीन अधीक्षक, तिघांच्या सह्या घ्या. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.